भिशीच्या ग्रुपवर रोज सहा गाणी

प्रिय ताई,

मी 48 वर्षांची, राजारामपुरीत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. घरी मिस्टर आणि सासूबाई, मुलगी पुण्यात शिकायला. लॉकडाऊनमध्ये मुलीनं एकदा तिच्या फोनवर गाणं लावलं होतं, तेव्हापासून मला इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे काढलेल्या, आणि इलेक्ट्रॉनिक पॉपचं वेड लागलंय. रात्री भांडी आटोपली की हेडफोन लावून गच्चीत बसते. केली ली ओवेन्स, मॅग्डलीना बे, आपल्याकडची सँड्यून्स, कोलकात्याचे पारेख अँड सिंग, आणि रोज कुणीतरी नवीन. एखादं सापडलं की मला राहवत नाही. सकाळी भिशीच्या ग्रुपवर पाच-सहा गाणी टाकते. उत्तरादाखल जोडलेले हात येतात. एक मैत्रीण म्हणते, ‘मी ऐकतो गं निवांत झाल्यावर.’ ती निवांत काही होत नाही.

मिस्टर इथल्या देवल क्लबची शास्त्रीय गाण्याची बैठक न चुकवणारे. रविवारी स्वतः पेटी घेऊन बसतात. त्यांच्या मते हे यंत्राचं गाणं, यापेक्षा गणपतीतला डॉल्बी परवडला. मुलगी म्हणते, ‘आई, तुझ्या वयाचं काहीतरी ऐक की.’ आणि जे कलाकार मी त्यांना शे-दोनशे लोक ऐकत होते तेव्हापासून ऐकतेय, ते गाजले की हीच मुलगी मला सांगायला येते, हे बघ नवीन! फार लागतं मनाला. माझ्या यादीत शेकडो गाणी साठलीत, पण बोलायला कुणी नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात एका छोट्या जागेत अशा गाण्यांचा कार्यक्रम आहे. एकटीनं जावं असं मनात आहे. हे वय आहे का याचं? आणि घरातल्या एकाला तरी हे कसं ऐकवू?

– हेडफोनवाली, कोल्हापूर

---

हेडफोनवाली ताई,

वयाचं आधी उरकून टाकू, त्यात फार काही नाही. तुमची मुलगी ज्याला तरुणांचं संगीत समजते, ते उभं करणारी माणसं आता आजोबा झालीत. क्राफ्टवेर्क या जर्मन चमूचा राल्फ ह्युटर 1946 चा, अजून मंचावर यंत्रामागे उभा असतो. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीतला नील टेनंट 1954 चा. त्यांचा नवा अल्बम 2024 मध्ये आला. स्वीडनची पॉपगायिका रॉबिन 1979 ची, म्हणजे जवळजवळ तुमच्याच बॅचची. आणि तुमची ती केली ली ओवेन्स संगीतात येण्याआधी कॅन्सरच्या रुग्णालयात काम करायची. वयाचा दाखला मागणारं हे क्षेत्रच नव्हे.

मुलीचं मात्र तुम्हाला नीट कळलंय असं वाटत नाही. तिची तक्रार तुमच्या वयाबद्दल नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला आईला ठाऊक नसलेलं काहीतरी हवं असतं. पूर्वी त्यासाठी कपाटात चिठ्ठ्या लपवाव्या लागत, आता आवडीची गाणी असतात. ती बिचारी पुण्याहून काहीतरी नवं म्हणून घेऊन येते आणि आई म्हणते, हो माहितेय, मी केव्हाच ऐकलंय. सांगा, तिनं करायचं काय? पुढच्या खेपेला ती काही ऐकवील तेव्हा तुम्हाला ते तोंडपाठ असलं तरी गप्प बसा आणि तिला त्यात काय आवडलं ते विचारा. हे नाटक करा असं मी म्हणत नाही. तिला जे ऐकू आलं ते तुम्हाला आलेलंच असेल असं कुठाय?

आणि ते शे-दोनशे श्रोत्यांचं. तुम्ही आधी ऐकलंत, चांगलं केलंत, पण त्याची पावती कुणी देत नसतं. कलाकार गाजला म्हणजे पुढचा अल्बम काढण्याइतके पैसे त्याच्या हातात येण्याची शक्यता वाढली. तुम्हाला तो खरंच आवडत असेल तर त्या दिवशी पेढे वाटावेत. यावर मी आणखी लिहिणार नाही.

आता मिस्टर. खरं पत्र यांच्याबद्दलच आहे, नाही का? भिशीतल्या बायकांनी गाणं ऐकलं नाही म्हणून कुणी गच्चीत बसून हळहळत नाही.

‘यंत्राचं गाणं’ हा आरोप मला तरी गंमतीचा वाटतो, कारण तो करणारा माणूस दर रविवारी पेटी घेऊन बसतो. पेटी हे युरोपातून आलेलं यंत्र. सूर ठरलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येत नाही, श्रुतींचा (सुरांमधल्या बारीक सुरांचा) पत्ता नाही, असं म्हणून आकाशवाणीनं तिला 1940 पासून 1971 पर्यंत बाहेर उभं केलं होतं. आणि याच यंत्रावर हात फिरवून नाव कमावणारे गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब यांचं चरित्र लिहिणारेही तेच. शिवाय रविवारी पेटीसोबत जो तानपुरा चालू असतो तो भोपळ्याचा आहे, डब्यातला आहे की फोनमधला, हे एकदा बघून ठेवा. डब्यातला किंवा फोनमधला असेल तर आपल्या घरात इलेक्ट्रॉनिक संगीत दर रविवारी वाजतंच.

पण हे त्यांना ऐकवू नका. मी तुम्हाला सांगितलं ते तुमचा धीर वाढावा म्हणून. कोल्हापुरी माणसाला वादात हरवून त्याच्याकडून गाणं ऐकून घेतल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. तो वाद हरेल आणि वर म्हणेल, बरं, मग? पुढं?

मी तुम्हाला उलटं सुचवणार आहे. त्यांना ऐकवायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडून ऐकायला शिका.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, यादीत शेकडो गाणी साठलीत म्हणून. त्यातल्या किती गाण्यांचं दुसरं कडवं तुम्हाला आठवतं? तिसऱ्या मिनिटाला काय बदलतं, हे न ऐकता सांगता येईल? मिस्टर मात्र वर्षानुवर्षं तोच यमन ऐकतायत आणि मल्लिकार्जुन मन्सूर अमुक ध्वनिमुद्रणात समेवर कुठून आले ते तुम्हाला झोपेतून उठवून सांगतील. तुमच्याकडे माल भरपूर आहे, त्यांच्याकडे मुक्काम आहे. हेवा करायचाच असेल तर त्याचा करा.

म्हणून एखाद्या रविवारी पेटी बंद झाल्यावर त्यांना सांगा, मला केसरबाई केरकरांची जुनी तबकडी समजावून द्या. अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घरचंच माणूस. 1977 साली व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. त्या साडेतीन मिनिटांत कुठे काय होतं ते त्यांना बोटानं दाखवायला सांगा. ते खुलतील. मध्ये ‘आमच्या गाण्यात पण ना...’ असं म्हणू नका. त्या दिवशी तुमचं गाणं घरात आहे हेच विसरा.

त्या भैरवीच्या लांबीकडे मात्र लक्ष द्या. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना त्या काळी तबकडीच्या एका बाजूला मावेल तेवढं, तीन-साडेतीन मिनिटांत, गावं लागे. पॉप गाण्याची तीन मिनिटंही त्याच तबकडीनं ठरवली. म्हणजे तुमचं गाणं आणि त्यांची भैरवी एकाच मापात बसवलेली आहेत.

मग दोन-चार दिवसांनी हाच कान तुमच्या गाण्याला लावा. गच्चीत, एकटीनं, आणि तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्या मॅग्डलीना बेवरच. मायका टेनेनबॉम आणि मॅथ्यू लुइन ही जोडी शाळेपासूनची, आधी प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, वळणं घेत जाणारी रॉकगाणी, वाजवायची, आणि ते वळण त्यांच्या गाण्यातून गेलेलं नाही. त्यांचा 2024 चा ‘इमॅजिनल डिस्क’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमानं ऐकायचा. गाणी एकमेकांत शिरतात, सूर परत परत येतात, मधलंच एक उचललं तर निम्मी मजा गेली. मला मायकाचा आवाज सुरुवातीला फार साखरेचा वाटायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या गोडव्याखाली काय काय चाललंय ते ऐकू यायला लागलं. तासाभरात अल्बम संपतो. आठवडाभर दुसरं काही लावू नका.

ऐकताना काय शोधायचं? ठेका पडतो त्या क्षणी बाकीचे सूर किंचित दबतात आणि लगेच फुगून वर येतात का ते बघा. सगळं गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते त्यामुळे. ही मुद्दाम केलेली युक्ती आहे. ठोका आला की इतर आवाजांना यंत्र आपोआप खाली बसवतं. मग पाठीमागे फिरत राहणारा तोच तो सुरांचा तुकडा पकडा. मिस्टरांना हा तुकडा चांगला माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावानं. स्वतंत्र तबलावादनात पेटीवर लेहरा धरतात ना? सोळा मात्रांचा तोच तुकडा अर्धा तास, न थकता, आणि त्याच्या जिवावर तबलजी वाटेल तिथं जाऊन येतो. लूप म्हणजे हेच. स्वतः पेटीवाले असल्यानं त्यांनी कधीतरी कुणाला तरी लेहरा धरून दिलाच असेल.

एवढं झालं की त्यांना ऐकवायचं गाणं तुम्हाला मी देते. तुमच्या यादीतलं नव्हे, रागावू नका. चरणजित सिंग यांचं 1982 चं ध्वनिमुद्रण. हे मुंबईतले हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. तेव्हा नुकत्याच बाजारात आलेल्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर – टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 – त्यांनी डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे. टीबी-303 हे यंत्र खरं तर बास गिटारची नक्कल करायला काढलेलं, आणि ती नक्कल इतकी वाईट होती की गिटारवाले हसले. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीला जी मींड जमत नाही ती या प्लास्टिकच्या डबीला थोडीफार जमली! तबकडी तेव्हा फार कुणी विकत घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच डबीतून ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार काढला आणि जगभर नाव केलं. चरणजितांची तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कुठे युरोपातल्या लोकांनी कपाळावर हात मारला, हे तर मुंबईत आधीच झालं होतं म्हणून. 2015 मध्ये ते गेले, पण त्याआधी परदेशातल्या मंचांवर तरुण पोरांपुढे त्यांना हे वाजवायला मिळालं.

त्यातला मालकंस लावा. यमनावर मिस्टरांचा फार जीव, तिथं ते चुका काढत बसतील. मालकंसातही काढतीलच. विलंबित नाही, लय वाढत नाही, शेवटपर्यंत एकाच चालीनं पळतोय, हे म्हणतील आणि ते खरंच आहे. म्हणू द्या. ‘कसं वाटलं?’ हे त्या दिवशी विचारू नका, आणि मुख्य म्हणजे गाणं चालू असताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका. समोर बसून कुणी आपल्या चेहऱ्यावर आनंद शोधत असलं की पुरणपोळीसुद्धा घशात अडकते.

ते उठून गेले तर? जाऊ द्या. कदाचित त्यांना हे कधीच आवडणार नाही. दोन माणसांच्या संसारात एक हेडफोन आणि एक देवल क्लब सुखानं नांदू शकतात. तुम्हाला हवं असलेलं बोलणं तुम्हाला केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांतही मिळेल, असा माझा अंदाज आहे.

डॉल्बीचं राहिलं. मिस्टर रागानं बोलले, पण त्यात एक तांत्रिक गोष्ट नकळत सांगून गेले. महाद्वार रोडला मिरवणुकीत तालमींच्या स्पीकरच्या भिंती वाजतात तेव्हा छातीत जे धडधडतं ते पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपासचे खालचे आवाज. इलेक्ट्रॉनिक गाण्याचा अर्धा जीव तिथंच असतो. आणि तुम्ही ते गाणं भिशीच्या ग्रुपवर टाकता. तिथं ते फोनच्या स्पीकरवर वाजतं, जो दोनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. म्हणजे तुम्ही हेडफोनमध्ये जे ऐकलंत ते तुमच्या मैत्रिणींनी कधी ऐकलेलंच नाही. त्यांना ऐकू आली ती टिकटिक आणि वर एक बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटतेय. त्यांनी हात जोडले यात आश्चर्य काय? मीही जोडले असते.

तेव्हा सकाळची सहा गाणी आजपासून बंद. गुलाबाच्या फुलावरचं शुभ सकाळ आणि एकादशीच्या थालीपिठाची कृती यांच्या मधे सापडलेलं गाणं कुणीही ऐकत नाही, ते कितीही थोर असो. महिन्यातून एक गाणं, तेही एकाच मैत्रिणीला, ती निवांत होणारी नसेल तर दुसऱ्या कुणाला. ते का पाठवलं याची एक ओळ सोबत लिहा, आणि ती ओळ कलाकाराबद्दल नको, तिच्याबद्दल असू दे: तू परवा जे म्हणालीस त्यावरून हे आठवलं. नाहीतर भिशीची सहल पन्हाळ्याला निघेल तेव्हा पुढच्या सीटवर बसा आणि गाडीच्या स्पीकरवर लावा. गाडीत बास, म्हणजे ते खालचे आवाज, ऐकू येतो आणि उठून जाता येत नाही.

आणि त्यांना या संगीताचा गंध नाही असं समजू नका. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते काढलं. पक्कं हाउस, म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि मराठीत. तुमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणी कुणाच्या ना कुणाच्या हळदीत त्यावर नाचल्या असतील. त्याच साली संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ लग्नालग्नांत वाजत होतं, तेही सिनेमाच्या आधाराशिवाय आलेलं गाणं. पुण्यात वाढलेला आणि लहानपणी शास्त्रीय गाणं शिकलेला रित्विझ घ्या. त्याचं ‘उड गए’ 2017 चं, आलापीचं वळण आणि खाली इलेक्ट्रॉनिक ठेका. या वाटेनं आणलंत तर सँड्यून्सपर्यंत येतील कुणी कुणी. थेट केली ली ओवेन्सवर उतरवलंत तर भिशी मोडेल.

थोडं पैशांबद्दल, कारण तुम्ही कॅशियर आहात आणि तुम्हाला हिशोब आवडेल. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं धरतात. 2024 पासून त्यांचा आणखी एक नियम आहे: गेल्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला निघतच नाही. तुमचे शे-दोनशे श्रोत्यांचे कलाकार बहुतेक याच रेषेखाली असतात. म्हणजे तुम्ही रात्री वीस नवी गाणी वीस-वीस सेकंद चाखलीत तर त्या वीस जणांच्या खात्यावर काहीच पडलं नाही. एकाच गाण्यापाशी थांबलात तर निदान मोजलं तरी जातं. खरी मदत करायची तर बँडकॅम्प या संकेतस्थळावर अल्बम विकत घ्या. डिजिटल विक्रीत ते साधारण पंधरा टक्के ठेवतात, बाकीतलं बहुतेक कलाकाराकडे जातं, आणि 2020 पासून अधूनमधून ठरावीक शुक्रवारी आपला हिस्साही सोडतात. परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागेल, ते पतसंस्थेचं चालायचं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. महिन्याला एक अल्बम, भिशीच्या हप्त्यापेक्षा कमीच पडेल. आणि विकत घेतलेलं माणूस नीट ऐकतं, हा स्वभाव आहे.

शुक्रवारी सगळं नवं बाहेर पडतं आणि तुमच्या फोनवर यादी येऊन बसते, तिचाही धाक बाळगू नका. जगभरात शुक्रवार हा प्रकाशनाचा दिवस 2015 मध्ये कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी ठरवलाय. ती तुमची हजेरी नव्हे.

आता पुण्याचा कार्यक्रम. जा. नक्की जा, आणि एकटीच जा. घरगुती खोलीत, लॅपटॉपवर तयार होणारं हे संगीत मंचावर कसं उभं राहतं हे एकदा बघायलाच हवं. कॅनडाच्या ग्राइम्सनं 2012 चा अल्बम स्वतःच्या घरात, लॅपटॉपमधल्या गॅरेजबँड या साध्या सॉफ्टवेअरवर केला. बिली आयलिश आणि तिच्या भावानं झोपायच्या खोलीत केलेल्या गाण्यांना 2020 मध्ये ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार मिळाले. त्या खोलीतलं एकटेपण पन्नास-शंभर अनोळखी लोकांसमोर आलं की त्याचं काहीतरी वेगळंच होतं. कधी फसतंसुद्धा. कलाकार नुसताच लॅपटॉपमागे मान हलवतोय असंही बघायला मिळेल, तेव्हा तिकिटाचे पैसे गेले म्हणून चिडू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आठची वेळ दिली असेल तर मुख्य कलाकार साडेनऊच्या आत येत नाही, तेव्हा पोटभर जेवून जा. अशा जागांमध्ये मिळणारे बटाट्याचे चार तुकडे आणि त्यांचं बिल बघून तुमच्यातली कॅशियर जागी होईल. खुर्च्या नसतात, म्हणून चपला सपाट घाला. औषधाच्या दुकानात फोमचे कानातले बोळे मिळतात, ते पर्समध्ये टाका: शंभर डेसिबल आवाजात पंधरा-वीस मिनिटांपलीकडे उघड्या कानानं उभं राहणं बरं नाही, आणि तुम्हाला हे कान गच्चीसाठी अजून पुष्कळ वर्षं लागणार आहेत. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. ध्वनियंत्रणेचा माणूस जिथं बसलेला असतो त्याच्या आसपास उभं राहा, सगळ्यात नीट तिथंच ऐकू येतं. ओळखपत्र ठेवा, दारावर विचारतात. पोरं तुमच्याकडे पहिली पाच मिनिटं बघतील, कुणाची आई घ्यायला आलीय असं वाटून. गाणं सुरू झालं की कुणी कुणाकडे बघत नाही.

कलाकार नवखा असेल तर कार्यक्रमानंतर तो बहुधा तिथंच टेबलापाशी घुटमळत असतो. जाऊन बोला. ‘मी तुम्हाला फार आधीपासून ऐकते’ हे वाक्य मात्र नको. त्याच्या एखाद्या गाण्यात नेमकं कुठे काय आवडलं ते सांगा. इतकं नेमकं त्याच्याशी सहसा कुणी बोलत नाही.

राहायचं कुठे ते आधी ठरवा. मुलीच्या होस्टेलवर रात्री उशिरा आत घेतीलच असं नाही, आणि तिच्या मैत्रिणींसमोर आई रात्री बाराला कार्यक्रमाहून येणं हे तिला इतक्यात झेपायचं नाही. कार्यक्रमाला येतेस का, असं तिला एकदा विचारा, नाही म्हणाली तर तिथंच सोडा. पुण्यात नणंद, मावसबहीण कुणी असेलच. रात्रीच्या रिक्षेचं तिच्याशी आधी बोलून ठेवा. मिस्टरांना काय सांगायचं? जे आहे ते. पुण्याला गाण्याला जातेय, शनिवारी रात्री मुक्काम, रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरून दुपारपर्यंत घरी. सासूबाईंच्या रविवार सकाळच्या गोळ्या त्यांच्याकडे सोपवा, कुठल्या डबीत कुठली ते लिहून. देवल क्लबच्या बैठकीला जाताना ते तुमची परवानगी काढत नसतील, सांगून जात असतील. तुम्हीही सांगून जा.